बोललेल्या शब्दाची पावती

शहादा तालुक्यात पपईचा हंगाम सुरू झाला की फळाबरोबर एक वादही पिकास येतो. शेतकरी म्हणतो, दर अमुक ठरला होता. व्यापाऱ्याचा हस्तक म्हणतो, ठरला नव्हता, नुसते बोलणे झाले होते. उत्तर भारतातील बाजारपेठांसाठी माल उचलणारे व्यापारी आणि शहादा, तळोदा, नंदुरबार या पट्ट्यातील उत्पादक यांच्यातील हा कलह शहाद्याच्या बाजार समितीला नवा नाही. बैठका भरतात, दर जाहीर होतो, तोडणी थांबते आणि पुन्हा सुरू होते. या कलहाकडे भावाचा तंटा म्हणून पाहण्याची सर्वांना सवय झाली आहे. परंतु त्याचा बराचसा भाग भावाचा नसून पुराव्याचा आहे. सौदा झाला तो दूरध्वनीवर. ज्याने शब्द दिला त्याला तो आठवत नाही. ज्याने घेतला त्याच्यापाशी स्मरणाखेरीज काही नाही. शिवाय झाडावर पिवळी पडू लागलेली पपई न्यायनिवाड्यासाठी थांबत नाही. थांबू शकणारा आणि थांबू न शकणारा यांच्यातील वादात शब्द कोणाचा खरा ठरतो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगता येईल.

ही स्थिती केवळ पपईची नाही. नंदुरबारच्या मिरचीचा व्यवहार घ्या, उसाच्या तोडणीची पाळी घ्या, ट्रॅक्टरच्या कर्जाचा हप्ता घ्या, विम्याची रक्कम घ्या अथवा हंगामी मजुरीसाठी गुजरातेत जाणाऱ्या टोळीची उचल घ्या. गेल्या वीस वर्षांत यांतील ठरण्याचा क्षण कागदावरून उठून कानाशी गेला आहे. तहसीलच्या चकरा, अडत्याच्या गादीवरची बैठक, पोस्टकार्ड, तार हे सारे मागे पडले आणि जे काही ठरावयाचे ते चार मिनिटांच्या बोलण्यात ठरू लागले. सोय झाली, यात शंका नाही. परंतु जुन्या व्यवहारात कसलाही का होईना, एखादा चिटोरा मागे राहत असे. नव्या व्यवहारात मागे राहते ती केवळ दूरध्वनी कंपनीकडची नोंद, आणि तीत अमुक क्रमांकावरून तमुक क्रमांकाला इतके सेकंद बोलणे झाले एवढेच असते. काय बोलणे झाले हे तीत नसते.

दूरध्वनीवर झालेला करार कायद्याने करार आहे काय, असा प्रश्न अजूनही पुष्कळांच्या मनात असतो. त्याचे उत्तर याच राज्यातील एका सौद्याने फार पूर्वी दिले आहे. १९५९ च्या २२ जुलै रोजी खामगावच्या केडिया जिनिंग फॅक्टरी अँड ऑइल मिल्स या पेढीशी आपला सरकीच्या पेंडीचा सौदा लांब पल्ल्याच्या दूरध्वनीवर ठरला, आणि माल मात्र आला नाही, असे म्हणत अहमदाबादच्या गिरधारीलाल परशोत्तमदास या पेढीने दावा लावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ३० ऑगस्ट १९६५ रोजी बहुमताने असा निर्णय झाला की, पत्राने अथवा तारेने होणाऱ्या करारापेक्षा दूरध्वनीवरचा करार वेगळा मानावयाचा. दोन माणसे समोरासमोर बोलत असल्यासारखेच ते आहे. म्हणून स्वीकृतीचा शब्द जेथे ऐकू आला तेथे करार पुरा झाला. तो अहमदाबादेस ऐकू आला, तेव्हा अहमदाबादच्या न्यायालयास अधिकार पोचतो. म्हणजे नंदुरबारच्या शेतकऱ्याने दर सांगितला आणि दिल्लीच्या आझादपूर बाजारातल्या व्यापाऱ्याने त्याला होकार भरला, तर तो करार नंदुरबारात झाला. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही मोलाची गोष्ट आहे, कारण दाव्यासाठी दिल्ली गाठावी लागत नाही. मात्र खामगावच्या प्रकरणात न्यायालयापुढचा प्रश्न करार कोठे झाला एवढाच होता. काय ठरले हे कशावरून सिद्ध करावयाचे, या प्रश्नाला हात लागला नव्हता, आणि सामान्य माणसाचे घोडे अडते ते तेथेच.

ज्यांच्यापाशी साधने आहेत त्यांनी हा प्रश्न आपल्यापुरता केव्हाच सोडविला आहे. बँक, विमा कंपनी, वित्तसंस्था यांपैकी कोणालाही दूरध्वनी करा. गुणवत्तेसाठी व प्रशिक्षणासाठी हे संभाषण मुद्रित केले जाऊ शकते, असे मंजुळ आवाजात प्रथम ऐकविले जाते. रिझर्व्ह बँकेने २४ एप्रिल २००८ च्या परिपत्रकात वसुली प्रतिनिधींच्या संभाषणांच्या मुद्रणाचा उल्लेख केला होता आणि ग्राहकाला तशी कल्पना द्यावी असे सुचविले होते. सेबीने २६ सप्टेंबर २०१७ च्या परिपत्रकान्वये शेअर दलालांवर याहून पुढचे बंधन घातले: ग्राहकाने दूरध्वनीवरून सौद्याची आज्ञा दिली असेल तर तिचे ध्वनिमुद्रण ठेवलेच पाहिजे, आणि वाद झाल्यास ती आज्ञा ग्राहकाचीच होती हे सिद्ध करण्याचे ओझे दलालावर राहील. ही व्यवस्था अत्यंत शहाणपणाची आहे. परंतु ती शेअर बाजारापुरती आहे. ज्याच्यापाशी शेअर आहेत त्याच्या तोंडच्या शब्दाचे जतन राज्यसंस्था करविते. ज्याच्यापाशी दोन एकर पपई आहे त्याच्या शब्दाला असा कोणी राखणदार नाही.

बँकेने केलेले मुद्रण बँकेपाशी राहते, हीही गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. तक्रार करणाऱ्या ग्राहकाला ते ऐकवावयाचे की नाही, हे बव्हंशी बँकच ठरविते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने नागरिकाला स्वतःविषयीच्या माहितीचा गोषवारा मागण्याचा हक्क दिला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. पण अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे, आणि गोषवारा म्हणजे मूळ संभाषण नव्हे. दोन पक्षांतील बोलण्याची एकच प्रत असेल आणि ती बलवान पक्षाच्या कपाटात असेल, तर तिला पुरावा म्हणण्यापेक्षा शस्त्र म्हणणे अधिक खरे.

नंदुरबार जिल्ह्याला या प्रकाराची ओळख नव्याने करून द्यावयास नको. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १६ लाख ४८ हजारांच्या घरात होती, आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९ टक्क्यांच्या वर होते. येथला व्यवहार भिली, पावरी, मावची, अहिराणी आणि गुजरी या बोलींत होत आला; त्याची नोंद मात्र मराठीत, आणि त्याआधी मोडीत झाली. बोलणारा एक आणि लिहिणारा दुसरा, असाच हा व्यवहार होता. आदिवासींच्या जमिनी हातच्या गेल्या त्यांतील कितीतरी अशा कागदांवर गेल्या, की ज्यांवर अंगठा उमटविणाऱ्याला कागदात काय आहे हे तोंडी सांगण्यात आले होते, आणि सांगितले ते कागदात नव्हते. १९७२ च्या सुमारास शहाद्याच्या परिसरात अंबरसिंग महाराज व श्रमिक संघटना यांच्या पुढाकाराने जमिनींच्या प्रश्नावर जी चळवळ उभी राहिली, तिच्या मुळाशी हीच वेदना होती. पुढे अनुसूचित जमातींना जमिनी परत करण्याचा १९७४ चा अधिनियम आला. त्याही पूर्वी, १८७९ च्या दख्खन कृषक साहाय्य कायद्याने सावकाराने कुळाला पावती द्यावी, हिशेबाचा उतारा द्यावा, निरक्षराचे खत गावच्या निबंधकासमोर व्हावे, अशा तरतुदी केल्या होत्या. तो कायदा प्रारंभी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. खानदेश त्याच्या बाहेर होता. तरीही त्या कायद्यामागचा विचार महत्त्वाचा आहे. व्यवहाराची नोंद एकाच्या हाती असू नये, दुसऱ्याच्याही हाती तिची प्रत असावी, हा तो विचार होय. त्या काळी असा दुसरा हात मिळवून देण्यासाठी सरकारी निबंधक नेमावा लागला. आज ते काम घरातला संगणक करू शकतो.

हे कसे, ते थोडे तपशिलाने पाहणे आवश्यक आहे, कारण याविषयी दोन टोकांचे गैरसमज आढळतात. एक असा की, हे पोलिसांच्या अथवा गुप्तहेरांच्या यंत्रसामग्रीचे काम आहे. दुसरा असा की, भ्रमणध्वनीवरची एखादी कळ दाबली की काम झाले.

दूरध्वनीच्या तारेतून मानवी आवाज संपूर्ण जात नाही. सेकंदाला सुमारे ३०० ते ३४०० कंपने एवढाच पट्टा परंपरेने जाऊ दिला जातो. बोलणे कळण्यास तो पुरतो, पण ‘स’कारासारख्या वर्णांचा बराचसा सळसळाट त्याबाहेर पडतो. म्हणूनच घाईत बोललेले ‘सात’ आणि ‘साठ’ दूरध्वनीवर एकमेकांत मिसळतात, आणि रुपयांच्या बाबतीत ही मिसळ महागात पडते. या अरुंद आवाजाचे अंकांत रूपांतर करताना दूरध्वनी केंद्र सेकंदाला ८,००० वेळा त्याचे माप घेते आणि प्रत्येक माप आठ द्विमान अंकांत, म्हणजे एका बाइटमध्ये, साठविते. हिशेब सोपा आहे: मिनिटाला ४ लाख ८० हजार बाइट, तासाला २ कोटी ८८ लाख. रोज एक तास याप्रमाणे वर्षभराचे बोलणे साठविले तरी ते साडेदहा गिगाबाइटच्या आसपास भरते. आज सोळा गिगाबाइटची बोटाएवढी स्मृतिपट्टी कोणत्याही तालुक्याच्या बाजारात मिळते. गृहसंगणकावर प्रचलित असलेल्या ध्वनिमुद्रणाच्या आज्ञावल्या, म्हणजे ज्यांना सर्रास सॉफ्टवेअर म्हणतात त्या, सामान्यतः संगीताच्या मापाने, सेकंदाला ४४,१०० मापे व प्रत्येकी दोन बाइट अशी नोंद करतात. ती अकरापट जागा घेते. बोलण्यासाठी एवढ्या जागेची गरज नसते, हे ठाऊक नसल्याने संगणक भरून जातो आणि माणूस कंटाळून नाद सोडतो. ऑडॅसिटी ही २००० मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेली आज्ञावली कार्नेगी मेलन विद्यापीठातील प्रयत्नांतून उभी राहिली, ती विनामूल्य आहे, आणि तीत हे माप बदलता येते.

तारेचा दूरध्वनी संगणकाला जोडताना मात्र सावधपण हवे. स्वस्थ तारेवर ४८ व्होल्टचा दाब असतो आणि घंटा वाजताना तो याहून बराच वाढतो. संगणकाचे श्रवणद्वार इतका दाब सोसण्यासाठी बनविलेले नाही. मध्ये रोहित्र असलेला जोडक घालावा लागतो, नाहीतर श्रवणिकेला चिकटविण्याचे चुंबकीय वेटोळे वापरावे लागते. भ्रमणध्वनीच्या बाबतीत सर्वांत ओबडधोबड उपाय हाच सर्वांत खात्रीचा आहे: आवाज मोठा करून यंत्र संगणकाजवळ ठेवावे, पंखा बंद करावा आणि संगणकाच्या ध्वनिग्राहकाने दोन्ही बाजूंचे बोलणे टिपावे. चुंबकीय ध्वनिमुद्रणाचा जनक डॅनिश अभियंता वाल्डेमार पोल्सेन याने १८९८ मध्ये आपले यंत्र सिद्ध केले, तेही दूरध्वनीवरचा निरोप साठवून ठेवता यावा म्हणून. गाणे त्या तारेवर नंतर आले. सव्वाशे वर्षांनी त्याचा मूळ हेतू सामान्य माणसाच्या आवाक्यात आला आहे.

भ्रमणध्वनीवरच मुद्रण होत असताना संगणक कशाला, असे कोणी विचारील. गूगलने मे २०२२ पासून आपल्या भांडारातील इतरांच्या संभाषण-मुद्रण आज्ञावल्यांची वाट बंद केली. ॲपलने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशी सोय दिली, पण मुद्रण सुरू होताच दोन्ही बाजूंना उद्‌घोषणा ऐकू येते. भारतीय नागरिकाने आपल्या बोलण्याची नोंद कशी ठेवावी, हे अशा रीतीने कॅलिफोर्नियातील दोन कंपन्या ठरवितात. ज्या राज्यात त्या वसल्या आहेत तेथे खाजगी संभाषणाच्या मुद्रणाला सर्व पक्षांची संमती लागते, आणि त्या राज्याचा कायदा, नकळत का होईना, अक्कलकुव्याच्या बाजारापर्यंत येऊन पोचतो. घरच्या संगणकावर अद्याप कोणाची अशी उद्‌घोषणा नाही.

आता प्रश्न येतो तो कायद्याचा. दुसऱ्याला न सांगता त्याचे बोलणे मुद्रित करणे हा गुन्हा आहे काय? येथेही उत्तर महाराष्ट्रातच मिळाले. १९६४ मध्ये मुंबईच्या कॉरोनरविरुद्ध लाच मागितल्याची तक्रार झाली. तक्रारीशी संबंधित असलेल्या डॉ. मोटवानी यांच्या दूरध्वनीला, त्यांच्या संमतीने, लाचलुचपत प्रतिबंधक अधिकाऱ्यांनी ध्वनिमुद्रक जोडला आणि ते व कॉरोनर यांचे बोलणे टिपले. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १८८५ च्या तार अधिनियमाचा भंग झाला, असा आरोपीचा युक्तिवाद होता. १९७२ च्या सप्टेंबरात न्यायालयाने तो अमान्य केला. बोलणाऱ्यांपैकी एकाने आपले बोलणे दुसऱ्याला ऐकू दिले वा टिपू दिले, तर त्यात तारयंत्रणेशी छेडछाड होत नाही. संभाषण प्रस्तुत असेल, आवाज ओळखता येत असेल आणि फितीत खाडाखोड झालेली नाही याची खात्री असेल, तर ते पुराव्यात घेता येते, असे न्यायालयाने म्हटले. प्रसंगाचे छायाचित्र घ्यावे तशीच ही ध्वनिफीत, ही न्यायालयाने केलेली तुलना ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

या निर्णयातील एक बारकावा नंदुरबारसारख्या जिल्ह्याला विशेष उपयोगी आहे. मुद्रण डॉ. मोटवानींनी स्वतः केले नव्हते. त्यांच्या संमतीने दुसऱ्याने केले होते. ज्या घरात संगणक आहे ते घर शिक्षकाचे, कारकुनाचे किंवा महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाचे असते. धडगावच्या अथवा मोलगीच्या वाटेवरील पाड्यातला शेतकरी तेथे येऊन व्यापाऱ्याशी बोलला, आणि त्याच्या सांगण्यावरून यजमानाने ते बोलणे टिपले, तर त्यात गैर काही नाही. एके काळी पोस्टकार्ड वाचून दाखविणे, अर्ज लिहून देणे ही कामे गावच्या मास्तरांकडे आपसूक येत. त्याच जातीचे हे काम आहे. मात्र बोलणाऱ्या दोघांपैकी एकाचीही संमती नसताना तिसऱ्याने मध्ये कान घालणे हा निखालस गुन्हा होय. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाच्या संबंधित तरतुदी २६ जून २०२४ पासून अमलात आल्या असून, बेकायदा रीतीने संदेश अडवून ऐकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. स्वतःच्या बोलण्याची नोंद आणि परक्याच्या बोलण्याची चोरी यांतील ही रेषा ठसठशीत आहे, आणि ती पुसट करू पाहणाऱ्या उत्साही मंडळींना वेळीच आवरावयास हवे.

फीत जाऊन संगणक आला तेव्हा पुराव्याचा कायदाही बदलला. २००० च्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने पुरावा कायद्यात कलम ६५ ख घातले आणि संगणकीय प्रतीबरोबर प्रमाणपत्र आवश्यक ठरविले. हे प्रमाणपत्र अपरिहार्य आहे की नाही, यावर न्यायालयांत बरीच वर्षे मतभेद चालले. त्यांचा निकाल लागला तो जालना विधानसभा मतदारसंघाच्या एका निवडणूक तंट्यात. २०१४ च्या निवडणुकीत अर्जुन खोतकर हे कैलास गोरंट्याल यांच्यावर अवघ्या २९६ मतांनी विजयी झाले. उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाले, असा आक्षेप होता, आणि त्याचा पुरावा निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रमुद्रणात होता. अर्जदारांनी प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी ते दिले नाही. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, प्रतीसाठी प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मात्र मागूनही ते मिळत नसेल तर न्यायालयाकडे दाद मागता येते. आणि मूळ माहिती ज्या यंत्रावर प्रथम साठविली गेली ते यंत्रच त्याच्या मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून हजर केले, तर प्रमाणपत्राची गरज नाही.

शेवटचे वाक्य सामान्य माणसाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे. संभाषण थेट घरच्या संगणकावर मुद्रित झाले असेल तर तो संगणक हेच मूळ. भ्रमणध्वनीवर टिपून मागाहून संगणकावर उतरविले असेल तर संगणकातली ती प्रत. वर सांगितलेल्या ओबडधोबड उपायाची खरी किंमत येथे कळते. परंतु व्यवहारात कोणी संगणक उचलून न्यायालयात नेत नाही. लोक प्रतच नेतात, आणि तेथे अडतात. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ ने प्रमाणपत्राचा नमुनाच ठरवून दिला आहे. त्याचा एक भाग पुरावा सादर करणाऱ्याने भरावयाचा आणि दुसरा तज्ज्ञाने. संचिकेचा अंकठसाही त्यात नोंदवावा लागतो. हा अंकठसा म्हणजे संचिकेतील सर्व अंकांवरून गणिताने काढलेली एक खूण होय. संचिकेत एका टिंबाचा फरक झाला तरी ती पार बदलते. ती काढण्याची सोय विंडोजमध्ये मुळातच आहे आणि त्यासाठी कवडीही खर्च होत नाही. ज्या दिवशी संभाषण टिपले त्याच दिवशी ती काढून वहीत तारखेनिशी लिहून ठेवली, तर पुढे खाडाखोडीच्या आक्षेपातील हवा बरीचशी निघून जाते. याच कारणाने मूळ संचिकेला हात लावू नये. खरखर काढणे, आवाज वाढविणे, नको तो भाग छाटणे हे सारे दुसऱ्या प्रतीवर करावे. आपले काम स्वच्छ दिसावे या भोळ्या हेतूने मूळच स्वच्छ करून ठेवणारे लोक आपल्या हाताने आपला पुरावा बुडवितात.

अंकठशाचे काम असे सोपे आहे, तज्ज्ञाचे नाही. शेतकऱ्याने वीस हजारांच्या वादासाठी हा तज्ज्ञ कोठून आणावयाचा, आणि त्याचे शुल्क कोणी भरावयाचे? कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे खोट्या चित्रफिती, यंत्राने रचलेले नकली आवाज हे संकट होते, आणि ते खोटे नाही. दुसऱ्याच्या आवाजाची नक्कल संगणकाकडून करविता येण्याच्या काळात न्यायालयाने डोळे मिटून ध्वनिफीत स्वीकारावी, असे कोणी म्हणणार नाही. परंतु उपाय असा हवा की खोटा पुरावा अडेल आणि गरिबाचा खरा पुरावा अडणार नाही. तालुका विधी सेवा समित्या आहेत, जिल्ह्यात शासकीय तंत्रनिकेतने व महाविद्यालये आहेत. तेथील पात्र अध्यापकांना या प्रमाणपत्रापुरते तज्ज्ञ म्हणून नेमून त्यांचे माफक शुल्क विधी सेवा निधीतून देणे शासनाला जड नाही. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली या गावी दिला गेला. माणूस कोण, हे ओळखण्यासाठी यंत्रणा टेंभलीपर्यंत आली. तो काय बोलला, हे सिद्ध करण्यासाठी त्याने नाशिक-मुंबईच्या वाऱ्या कराव्यात, हे सुसंगत नव्हे.

या साऱ्याला एक गंभीर आक्षेप आहे आणि त्याला बगल देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. प्रत्येकजण प्रत्येकाचे बोलणे टिपू लागला तर मोकळे बोलणेच संपेल, माणूस आपल्या माणसाशीही साक्षीदारासमोर बोलल्यासारखा बोलेल. जर्मनीच्या दंडसंहितेने न सांगता केलेले मुद्रण गुन्हा ठरविले आहे, ते याच भीतीपोटी. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्यानंतर पती-पत्नींनी एकमेकांचे दूरध्वनी टिपण्याची प्रकरणे उच्च न्यायालयांत आली आणि तेथे अशा पुराव्याला नकारही मिळाला. १४ जुलै २०२५ रोजी विभोर गर्ग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो नकार रद्द केला आणि वैवाहिक तंट्यात असे मुद्रण पुराव्यात घेता येते असे सांगितले. जोडीदार एकमेकांवर पाळत ठेवण्याच्या थराला आले असतील तर नाते आधीच तुटलेले असते, असे न्यायालयाचे मत पडले. ते वास्तव असेल. तरी या निर्णयाने घराघरांत शंकेचे यंत्र बसेल, ही धास्ती अनाठायी म्हणता येत नाही.

मात्र घर आणि बाजार यांना एकच माप लावणे चुकीचे आहे. बाजारात विश्वास मोलाचा असतो, पण त्याची किंमत दोघांनी सारखी भरली पाहिजे. एक पक्ष आपले प्रत्येक संभाषण टिपून ठेवतो आणि दुसऱ्याने मात्र विश्वासाने वागावे, असा उपदेश करणारे बहुधा पहिल्या पक्षाचे असतात. व्यवहारापुरते पाहिले तर न सांगता टिपण्यापेक्षा सांगून टिपणे अधिक उपयोगाचे असते. ‘शेठ, बोलणे टिपून ठेवतो आहे, दर पुन्हा एकदा सांगा,’ एवढे म्हटले तर आक्षेपच उरत नाही, आणि बोलणाराही जपून बोलतो. वाद झाल्यावर जिंकण्यापेक्षा वाद न होणे स्वस्त. वसुलीच्या दूरध्वनीचेही असेच आहे. कर्जदाराला सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर दूरध्वनी करू नये, असे रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात बजावले; पण रात्री नऊ वाजता कोणत्या भाषेत दटावले गेले, हे कर्जदाराने टिपले नाही तर त्या आज्ञेला दात कोठून येणार? ओटीपी विचारणाऱ्या अथवा ‘डिजिटल अटके’ची धमकी देणाऱ्या ठकांच्या बाबतीत तर १९३० या साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदविताना आपल्यापाशी तो आवाज असणे किती उपयोगी पडेल, हे सांगावयास नको.

टिपलेले संभाषण वाटेल तेथे पाठविणे ही मात्र सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे. न्यायालयात पुरावा म्हणून ठेवलेली ध्वनिफीत आणि गावच्या समूहात फिरविलेली ध्वनिफीत यांत पावती आणि चहाडी यांइतके अंतर आहे. २०२३ च्या विदा संरक्षण अधिनियमाने व्यक्तीने निव्वळ वैयक्तिक वा घरगुती कामासाठी ठेवलेली माहिती आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहे. ही सवलत घरातल्या संगणकाला आहे. ती चव्हाट्यावर नेली की अब्रुनुकसानीपासून अनेक कायदे दारात उभे राहतात. एरवी सज्जन असलेली सुशिक्षित माणसेही या बाबतीत पुष्कळदा बेफिकीर असतात.

बाजार समितीच्या पातळीवर याहून सोपे काही करता येण्यासारखे आहे. सेबीने दलालावर घातले तेच बंधन, म्हणजे दूरध्वनीवरच्या सौद्याचे मुद्रण ठेवणे आणि वादात पुराव्याचे ओझे परवानाधारकाने वाहणे, बाहेरगावच्या फळ व्यापाऱ्यांना व त्यांच्या हस्तकांना परवाना देताना अट म्हणून घालता येईल. समितीच्या कार्यालयात संगणक आहेच. सौदा ठरतेवेळी त्या क्रमांकावरून बोलावयाचे, संचिकेचा अंकठसा सौदापट्टीवर छापावयाचा आणि एक प्रत उत्पादकाच्या हाती द्यावयाची, यास लागणारा खर्च एका ट्रकच्या हमालीहून अधिक नसेल. व्यापारी कुरकुर करतील. करोत, दिल्लीच्या आपल्या बँकेशी ते याच अटीवर रोज बोलत असतात.